लहान सुडी आधी

५ ऑक्टोबर, केनवड

सकाळी घरी पोचले. सुट्टी पंचवीस तारखेपर्यंत. सोबत तीन पुस्तकं, दोन वह्या, लॅपटॉप.

आधी वस्तुस्थिती लिहून ठेवते. डेटा स्ट्रक्चर्सचा पेपर माझा दोनदा राहिला आहे. पहिल्यांदा ऐंशीपैकी एकवीस, उन्हाळी परीक्षेत चोवीस. पास व्हायला बत्तीस लागतात. तिसऱ्या वर्षाचा प्रवेश सध्या तात्पुरता आहे. १८ नोव्हेंबरला पेपर पुन्हा आहे. तो गेला तर प्रवेश रद्द आणि मी वर्षभर घरी.

घरात हे कुणाला माहीत नाही. रूम पार्टनर निताला माहीत आहे, कारण तिचाही हाच पेपर राहिला आहे. आम्ही यावर फारसं बोलत नाही. म्हणजे मी बोलत नाही.

नापास का झाले हेही स्पष्ट आहे. प्रश्न असा असतो: अमुक पद्धतीला किती वेळ लागतो, आणि का? ‘किती’ माझं पाठ होतं. ‘का’च्या खाली मी ‘किती’च पुन्हा लिहिलं, जरा मोठ्या अक्षरात.

६ ऑक्टोबर

सोयाबीनची सोंगणी जवळपास उरकली आहे. ज्याच्या त्याच्या शेतात सुड्या, म्हणजे कापलेल्या पिकाचे रचलेले ढीग, उभ्या आहेत आणि सगळ्यांना आमचं मळणीयंत्र आजच पाहिजे. गावात दुसरं यंत्र आहे, पण त्याची चाळणी मोडली आहे.

दादा, म्हणजे शिवम, ट्रॅक्टर चालवतो. नंबर बाबांच्या डोक्यात असतात. कुठेही लिहिलेले नसतात. सकाळी चहाच्या वेळी अंगणात सात जण होते आणि सातही जण आपला नंबर पहिला असल्याचं सांगत होते. गोमतीकाकूंनी तर पोळ्याच्या दिवशीच सांगून ठेवल्याची आठवण करून दिली. पोळ्याच्या दिवशी त्यांच्या सोयाबीनला शेंगा भरल्या नव्हत्या. बाबा सगळ्यांना ‘होईन, होईन’ म्हणत होते.

मी म्हटलं, यादी मी करते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि शर्टाच्या खिशातला पेन काढून दिला. इतक्या लवकर देतील असं वाटलं नव्हतं.

७ ऑक्टोबर

पद्धत ठरली. पुस्तकातली प्रायॉरिटी क्यू, म्हणजे ज्यात आधी येणारा आधी जात नाही, ज्याचा अग्रक्रम वरचा तो आधी जातो, अशी रांग. अग्रक्रम कामाच्या वेळावर: ज्याचं काम थोडं, त्याला आधी.

उदाहरण आजचंच घेते. उकंडकाकांची सुडी अकरा एकरांची, सात तास लागतील. त्यांनी सगळ्यांत आधी सांगितलं होतं. बाकी चौघांचं काम एकेक तासाचं. काकांना पहिलं घेतलं तर थांबण्याचे तास: शून्य, सात, आठ, नऊ, दहा. सरासरी सहा तास अठ्ठेचाळीस मिनिटं. काकांना शेवटी घेतलं तर शून्य, एक, दोन, तीन, चार. सरासरी दोन तास. यंत्र तेच, सोयाबीन तेच, माणसं तीच.

हे आकडे मी बाबांना दाखवले. त्यांनी ते बराच वेळ पाहिले आणि उकंडरावले मी सांगतो म्हणाले.

आज पाच वाजेपर्यंत चौघं मोकळे झाले. एकानं घरी येऊन आईच्या हातात वांगी दिली आणि हे मंजूसाठी असं सांगून गेला. मी वांगी खात नाही. आईनं भरली वांगी केली. दोन खाल्ली.

उकंडकाका उद्या.

८ ऑक्टोबर

रात्रीतून तीन नवे फोन आले होते, सगळी कामं लहान. त्यांना वर घेतलं. सरासरी एक तास पन्नास मिनिटं.

अभ्यास: रांगेत नवीन नाव घालायला किती पायऱ्या लागतात ते कागदावर करून पाहिलं. या वेळी पाठ केलं नाही, नावं खालीवर सरकवत गेले. सोळा नावांना जास्तीत जास्त चार पायऱ्या. हे आपोआप कळलं. असं पूर्वी झालेलं नाही.

उकंडकाका उद्या.

९ ऑक्टोबर

दुपारी निता आली. बोलावलं नव्हतं. काल फोनवर मी फक्त म्हटलं होतं की रांग समजली आहे. तिचा तांडा शिरपूरच्या पुढे. तिथून जीप, मग एसटी, आणि शेवटचे दोन किलोमीटर आमच्या गावच्या गुलाबसिंगच्या मोटरसायकलवर, जो तिला आधी कधी भेटलेला नव्हता. आल्याआल्या आईला म्हणाली, “काकू, मी चार दिवस राह्यते. जेवन जास्त लागते मले, आधीच सांगते.” आईला ती आवडली. आईला असं लगेच कुणी आवडत नाही.

ती शेतातच अभ्यास करू म्हणाली. घरात तिला झोप येते. म्हणून ट्रॉलीवर बसलो. यंत्राचा आवाज, अंगभर कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, वहीच्या पानांत कुटार. मी ओरडून सांगायचं, तिनं ओरडून विचारायचं. ती प्रत्येक वाक्यानंतर “काहून?”, म्हणजे ‘का?’, विचारते. चार वाजेपर्यंत मी मोजले: एकतीस वेळा. त्यांपैकी नऊ वेळा मला उत्तर आलं नाही आणि आम्हाला ते शोधावं लागलं.

संध्याकाळी तिच्या भुवयासुद्धा पिवळ्या झाल्या होत्या. तिनं मला आरशासमोर उभं केलं. माझ्याही.

१० ऑक्टोबर

यादीत अठरा नावं. लोक मला रस्त्यात थांबवून विचारतात, काम किती तासांचं धरलं. आई म्हणते की यंत्र घेतल्यापासून अंगणात भांडण न झालेला हा पहिला हंगाम.

सरासरी एक तास पस्तीस.

निताला हॅशिंग शिकवलं. शिकवलं म्हणजे तिनं मला भांडायला लावलं. दोन वस्तू एकाच कप्प्यात आल्या तर काय करायचं, यावर तिचं म्हणणं असं की तांड्यात एका खाटेवर तिघं झोपतात, त्यात काय एवढं. मी म्हटलं, याला साखळी पद्धत म्हणतात. ती म्हणाली, “मंग मले येत होतं. नाव माहीत नव्हतं.”

उकंडकाका पांदणीवर, शेतांकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवर, भेटले. मी नमस्कार केला. त्यांनी अभ्यास कसा चालला आहे ते विचारलं. यंत्राबद्दल काही विचारलं नाही. मोठी कामं शेवटीच होणार हे त्यांना पटलेलं दिसतं.

११ ऑक्टोबर

विचित्र गोष्ट. यादीत आज सव्वीस नावं आहेत, पण गावातलं सोयाबीन काही वाढलेलं नाही.

दुपारी उलगडा झाला. गोमतीकाकूंच्या तीन एकरांत काल एक सुडी होती. आज तीन आहेत. एक त्यांच्या नावानं, एक सुनेच्या, एक मुंबईत राहणाऱ्या मुलाच्या. गुलाबसिंगनं चार केल्या. चौथी त्याच्या तीन महिन्यांच्या मुलाच्या नावानं. मी म्हटलं, हा शेतकरी अजून बसत नाही. तो म्हणाला, “सुडीपाशी बसायचं काय काम? तुमचा नियम हाय ना ताई, लहान आधी. ह्याच्याहून लहान कोन हाय गावात?”

निता ट्रॉलीवर आडवी पडून हसत होती. मलाही हसू आलं, पण यादी हातात असताना हसणं बरं दिसत नाही.

नियमाला धरून आहे, म्हणून सगळ्या सुड्या यादीत घेतल्या.

१२ ऑक्टोबर

आज मी घड्याळ घेऊन दिवसभर यंत्रामागे फिरले. दहा तासांत चौदा सुड्या. प्रत्येक सुडीपाशी यंत्र न्यायचं, सपाट जागा बघायची, चाकांना दगड लावायचे, पट्टा चढवायचा: पंचवीस मिनिटं. चौदा गुणिले पंचवीस म्हणजे पाच तास पन्नास मिनिटं. दहा तासांतले फक्त चार तास दहा मिनिटं सोयाबीन निघालं. उरलेला वेळ आम्ही यंत्राला गावदर्शन घडवत होतो.

ती पंचवीस मिनिटं मी हिशोबात धरलीच नव्हती. पुस्तकात असले ठरावीक खर्च सोडून देतात आणि मीही सोडून दिले. पुस्तक ते केव्हा सोडतं हे मी वाचलं नव्हतं.

बाबांना विचारलं की आधी तुम्ही कसं करत होतात. ते म्हणाले की एका पांदणीत शिरलं की तिथल्या सगळ्या सुड्या काढूनच बाहेर यायचं. मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलं? “तू इचारलं कुठं?” म्हणाले, आणि पट्ट्याला राळ लावत बसले. रागावलेले नव्हते. मला वाटतं त्यांना मजा वाटत होती.

दादा मात्र वैतागला आहे. दिवसभरात चौदा वेळा ट्रॅक्टर मागे घेणं काय असतं, हे त्यानं मला माझ्या शिक्षणाचा उल्लेख करून समजावलं.

तरी जुन्या हिशोबानं सरासरी दोन तासांच्या आतच आहे. हे विशेष.

१३ ऑक्टोबर

ही सरासरी इतकी चांगली कशी, याचं उत्तर निताकडून मिळालं.

सकाळी ती माझी वही चाळत होती. सातही दिवसांच्या याद्या एकापुढे एक. तिनं विचारलं, हे उकंडराव कोण, रोज खालीच कसे? मी म्हटलं, काम मोठं आहे; रोज लहान कामं नवी येतात, ती वर जातात. मग तिनं सरासरी कशी काढली ते विचारलं. मी सांगितलं: त्या दिवशी ज्यांचं काम झालं, त्यांच्या थांबण्याच्या वेळांची बेरीज, भागिले त्यांची संख्या.

“ज्याचं झालं त्याचीच?”

“हो.”

“म्हंजे जो थांबून राह्यला थो याच्यात नाईच,” ती म्हणाली. “अवं, हा मानूस दिवाळीपरेंत थांबला तरी तुही सरासरी चांगलीच दिसंन.”

मी वही घेतली. तिचं बरोबर होतं. सात दिवसांच्या एकाही बेरजेत उकंडकाका नव्हते. ज्यांचं काम झालं, फक्त त्यांनाच मी मोजलं होतं, आणि जितकी जास्त माणसं मागे पडतील तितका माझा आकडा सुंदर होत होता.

पुस्तकात याला नाव आहे. उपासमार. मोठं काम रांगेत असतं पण त्याची पाळी कधीच येत नाही. तो परिच्छेद मला पाठ आहे. कितव्या पानावर आहे तेही सांगता येईल.

दुपारी त्यांच्या शेतात गेलो. सुडी दोन माणसं उंच, वरून ताडपत्री, चारी बाजू सारख्या. काका कोपर आत जाईपर्यंत सुडीत हात घालून उभे होते. मीही घातला. आत ऊब होती. सुडी आतून तापायला लागली की दाणा काळा पडतो, आणि वरून पाणी लागलं तर दाणे जागेवरच उगवतात. फोनवर उद्या संध्याकाळचा पाऊस दाखवत होता.

मी म्हटलं, “काका, चूक माझी आहे. रांग मी लावली.”

“मले मालूम हाय,” ते म्हणाले. “तुह्या बाबानं पह्यल्याच दिशी सांगतलं होतं.”

“मग तुम्ही काही म्हणाला का नाहीत?”

“पोरीनं लिहून काढलं हाय. म्हनलं, त्याच्यात माह्याबी नंबर कुठंतरी असंनच.”

तो नव्हता. नवी नावं येत राहिली असती तर कधीच आला नसता. हे मी त्यांना सांगितलं, जसं आहे तसं. निता माझ्या शेजारी उभी होती, तिनं मधे तोंड घातलं नाही. काकांनी हात बाहेर काढला, सदऱ्याला पुसला आणि विचारलं की मग उद्या यंत्र कितीला येणार.

निघताना निताला राहवलं नाही. सगळ्या गावानं सुड्या फोडल्या, तुमी काहून नाही फोडली, असं तिनं विचारलं.

“चार काड्याची सुडी लावायची मले लाज वाटते,” काका म्हणाले.

१४ ऑक्टोबर

सहाला अंगणात अकरा जण होते. मी यादी वाचून दाखवली नाही. आज फक्त उकंडकाका, दिवसभर, असं सांगितलं. कारणही सांगितलं: पद्धत माझी होती, तिच्यात चूक होती, त्यांचा नंबर पहिला असून सात दिवस मागे पडला. हे सांगताना माझा आवाज नेहमीपेक्षा बारीक निघाला असावा, कारण मागून कुणीतरी जोरात बोल म्हणालं. पुन्हा सांगितलं.

मग गोमतीकाकूंनी डोक्याला रुमाल बांधला. आपल्या तीन सुड्या एकमेकींवर रचून परत एक करायला दिवस लागेल, तो उद्या. आज उकंडभाऊकडे हात कमी पडतील, असं म्हणून त्या चालू लागल्या. गुलाबसिंग मागोमाग, आणि त्याच्या मागे बाकीचे.

पावणेसातला यंत्र सुरू झालं. सात तास हा माझा अंदाज होता, चौघं सुडी ओढणार हे धरून. बारा जणांनी ओढली. निता सुडीच्या माथ्यावर चढली आणि तिथून ती खाली पेंढ्या ढकलत, मधूनच तांड्यातलं गाणं म्हणत होती. बारा जणांना ते शब्द कळत नव्हते, तरी तिसऱ्या खेपेला सगळे शेवटची ओळ म्हणायला लागले. मी पोती धरली. मला गाता येत नाही. शेवटची ओळ म्हटली.

बारा वाजून दहा मिनिटांनी सुडी संपली. पाच तास पंचवीस मिनिटं. खालच्या थरातली दोन पोती काळी निघाली. तीही लिहून ठेवते, कारण ती माझी आहेत. मी काकांना तसं म्हटलं. ते म्हणाले, “दोन पोत्यात तू शिकली. स्वस्तात झालं.” आणि मग सगळ्यांसमोर, “पन पुढच्या साली माह्या नंबर बापाच्या डोक्यातच राहू दे वं माय.” बारा जण हसले. मीही. या वेळी यादी हातात नव्हती.

पाऊस साडेचारला आला. आम्ही सगळे तेव्हा आमच्या ओसरीत चहा पीत होतो. आईच्या म्हणण्याप्रमाणे अठ्ठेचाळीस कप.

१५ ऑक्टोबर

पाऊस उघडला, पण शेतात चिखल. यंत्र बंद. आज बाबा, निता आणि मी मिळून नवा नियम केला.

एक: एका पांदणीतल्या सगळ्या सुड्या सलग. हा बाबांचा. दोन: एका शेताची एकच सुडी, नावं कितीही असोत. हा निताचा. तीन: पांदणी कोणती आधी ते कामाच्या वेळावर, पण थांबलेल्या प्रत्येक दिवसामागे दोन तास कमी धरायचे. तीन दिवस थांबलेली सात तासांची सुडी मग एका तासाची ठरते आणि वर येते. कुणीही कायमचं खाली राहू शकत नाही. हे मी सिद्ध करून दाखवलं. निताच्या ‘काहून’ला उत्तर देत देत अर्धा तास लागला, आणि वहीची दीड पानं. परीक्षेत ‘का’च्या खाली काय लिहायचं असतं, ते मला त्या दीड पानांत दिसलं.

सरासरीसोबत आता सगळ्यांत जास्त थांबलेल्याचा वेळही रोज लिहायचा. त्याचं नाव पण.

निता दुपारच्या गाडीनं गेली. दिवाळीनंतर तिचे आईबाबा ऊसतोडीला जातील, त्याआधी घर सारवायचं आहे. चार दिवस म्हणाली होती, सहा राहिली. खोलीत कुटार फार झालं आहे. झाडलं नाही अजून.

१६ ऑक्टोबर

बाबांना सांगितलं.

असं ठरवलेलं नव्हतं. ते यंत्राला ग्रीस देत होते, मी डबा धरून उभी होते. म्हटलं, बाबा, डेटा स्ट्रक्चर्समध्ये मी नापास आहे. दोनदा. १८ नोव्हेंबरला पुन्हा आहे, आणि तो गेला तर वर्ष जाईल.

ते ग्रीस देत राहिले. मग विचारलं की हा कोणता विषय. मी म्हटलं, हाच, रांगांचा.

त्यांनी हात थांबवला. माझ्याकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं आणि मोठ्यानं हसले. मी त्यांना इतकं हसताना दादाच्या लग्नात पाहिलं होतं. आई बाहेर आली. त्यांनी तिला सांगितलं, पोरगी ज्याच्यात नापास आहे त्याच्यात तिनं आख्खं गाव बसवलं. आई हसली नाही. तिनं मला विचारलं की दोनदा नापास झाले तेव्हा जेवले होते का. मला आठवत नव्हतं.

संध्याकाळी बाबांनी वही मागितली.

“आता लोकाचे नंबर मी पाह्यतो. तू तुह्या पेपराचं पाह्य.”

मी म्हटलं, तिसरा नियम जरा किचकट आहे. ते म्हणाले, थांबलेल्याले वर आनायचं, त्यात किचकट काय हाय?

२ नोव्हेंबर, वाशीम

होस्टेल. सकाळी सहा ते आठ झाडं (पुस्तकातली, ‘ट्री’), चार ते सहा आलेख. निता म्हणेल ती गोष्ट पहिल्यांदा मान्य करायची नाही आणि दुसऱ्यांदा तपासायची, असं चाललं आहे. ती माझ्याबद्दल हेच म्हणते.

बाबांचा फोन. हंगाम संपला. सगळ्यांत जास्त थांबलेला माणूस: गुलाबसिंग, तीन दिवस. त्यांनी ते वहीत लिहिलं आहे, नावासकट.

१८ नोव्हेंबर

पेपर झाला.

रांगेवर एकही प्रश्न नव्हता. पहिला प्रश्न संतुलित झाडावर, दुसरा क्रम लावण्याच्या दोन पद्धतींच्या तुलनेवर. तुलनेच्या शेवटी लिहिलं होतं: सर्वांत वाईट परिस्थिती केव्हा येते ते कारणासह स्पष्ट करा. मी आधी पाच आकडे घेतले, मुद्दाम वाईट. मग त्यांना एकेक पायरी चालवलं आणि कुठे अडतात ते लिहिलं. तीन पानं झाली. पुरवणी मागितली. पुरवणी मी आयुष्यात पहिल्यांदा मागितली.

बाहेर आल्यावर निता म्हणाली की तिच्या दोन पुरवण्या झाल्या. मी म्हटलं, तुझं अक्षर मोठं आहे.

पास होईन की नाही, सांगता येत नाही. तिसऱ्या प्रश्नाचा एक भाग सोडला आहे. पण कँटीनमध्ये आम्ही तासभर तोच पेपर परत सोडवत बसलो होतो, आणि कुणी सांगितलं नव्हतं.

२१ जानेवारी, केनवड फाटा

हे गाडीत बसून लिहिते आहे, अक्षर हलतं आहे.

दोन दिवस घरी होते. आज रिसोडमार्गे वाशीमला परत निघाले. फाट्यावर रिसोडच्या गाडीची वाट पाहत असताना वर्गाच्या ग्रुपवर आलं की निकाल लागला. उकंडकाका तिथेच होते, बाजाराला निघालेले, आणि गोमतीकाकू, आणि आणखी सहासात जण.

मी आधी निताचा बैठक नंबर टाकला. तिचा नंबर पाठ होता. माझाही पाठ होता, पण तिचा आधी टाकला. पास. बासष्ट. मग माझा. पास. अठ्ठावन्न.

निता आईबाबांना भेटायला ऊसतोडीवर गेली आहे, सांगली भागात. तिथे तिचा फोन लागत नाही. सोनीबाईंचा, म्हणजे तिच्या आईचा, साधा फोन आहे तो लागतो. लावला. सोनीबाईंनी उचलला. मागे ट्रॅक्टर चालू होता. मी सांगितलं, निता पास झाली. “कोन?” मी पुन्हा सांगितलं. “कोन बोलून राह्यलं?” मी नाव सांगितलं. त्यांना काही ऐकू येत नव्हतं. गाडी येऊन थांबली. लोक चढायला लागले. मी एका पायरीवर पाय ठेवला आणि ओरडले, “काकी, निताला द्या फोन! आम्ही पास झालो!”

फाट्यावरचा प्रत्येक माणूस माझ्याकडे पाहत होता. फोनमध्ये ‘निता, ए निता’ असं लांब लांब जाताना ऐकू येत होतं.

गोमतीकाकू म्हणाल्या, “त्यात काय एवढं? तू तं दरसाल पासच होतं ना?”

“नाही काकू,” मी म्हटलं. “या विषयात दोनदा नापास झाले होते.”

हे आठनऊ लोकांसमोर म्हटलं, गाडीच्या आवाजाच्या वर. काही झालं नाही. काकूंनी फक्त गालाला हात लावला. उकंडकाका खिडकीत बसले होते. त्यांनी शेजारच्याला मोठ्यानं सांगितलं की ही रामधनची पोरगी, आणि हिच्या पासात आपली दोन पोती हायेत.

कंडक्टरनं विचारलं, ताई चढता का. मी सांगितलं की एक माणूस उसातून पळत येतं आहे, फोनवर. त्यानं दोरीला धरलेला हात खाली घेतला.

मग निताचा आवाज आला, धापा टाकत. मी तिचे गुण सांगितले. मग माझे. तिनं विचारलं, “माह्ये चार जास्त?”

“चार,” मी म्हटलं. “दोनदा वजाबाकी केली.”

ती तिकडे जे काही ओरडली ते फोनबाहेर अख्ख्या गाडीनं ऐकलं आणि गाडी हसली. मी पायरीवर उभी राहून तेवढ्याच मोठ्यानं उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही.

गाडी सहा मिनिटं उशिरा सुटली. उशिराचं कारण मी. कुणी तक्रार केली नाही.